कुणाच्या आळंबीची कोशिंबीर

"अगं, गाद्यांच्या कपाटात बसून काय करतीस?"

"आधी दार सरकव. उजीड येतोय."

"हात्सुए, मी आपली सुतळी मागाया आले, आन तू हितं..."

"मिने, आत ये, न्हाईतर भाईर ऱ्हा. पर दार लाव."

मिनेको आत आली. काय चाललंय ते कळल्याशिवाय माघारी फिरणं तिच्या पायांना जन्मात कधी जमलं नव्हतं. अंथरुणाच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात दोन सत्तरीच्या बाया गुडघे पोटाशी घेऊन बसल्या, दार सरकलं आणि भर सकाळी मिट्ट काळोख झाला. दोघींच्या मध्ये बांबूची करंडी. करंडीत रानातली आळंबी.

"उजळतंय का काई?" हात्सुएनं विचारलं.

मिनेकोला सगळं समजलं आणि तिनं आपले पाय करंडीपासून लांब घेतले.

त्या खोऱ्यात पानगळ सुरू झाली की बीच झाडांच्या पडलेल्या खोडांवर दोन तऱ्हेची आळंबी येते. एक मुकिताके. उकडलेल्या बटाट्यासारखी तिची साल निघते, तोंडात लोण्यासारखी जाते. दुसरीला गाव चांदणी म्हणतं. दिसायला पहिलीची सख्खी बहीण, पण काळोखात हिरवट उजळते, आणि पोटात गेली की माणसाला परसाकडेच्या वाटेवरून उठू देत नाही. एखाद्याला तर घराकडेही येऊ देत नाही. दोघी एकाच खोडावर शेजारी शेजारी नांदतात, म्हणून गावात कोणी रानातली आळंबी बघून खात नाही, तोडणारा माणूस बघून खातात.

हात्सुएला करंडीत हिरवट काहीतरी दिसलं. तिनं डोळे मिटले तर मिटल्या डोळ्यांतही ते दिसत होतं. मिनेकोला आधी काहीच दिसेना, मग म्हणाली की सगळंच उजळतंय, उशीसुद्धा. शेवटी दोघी कण्हत कुथत बाहेर आल्या आणि हात्सुएनं विळी घेऊन देठ उभे चिरायला सुरुवात केली. चांदणी असली तर देठाच्या बुडाशी आत काळा डाग निघतो. पहिला देठ पांढरा. दुसरा पांढरा. असे कितीतरी पांढरे निघाले, आणि मग एक असा निघाला की त्याच्या पोटात शाई सांडल्यासारखा डाग होता. का नुसती ओल होती? हात्सुएनं तो उन्हात धरला, सावलीत धरला, चष्मा काढून बघितला, घालून बघितला.

हा तिचा जुना स्वभाव. खालच्या भातखोऱ्यातून ती ह्या डोंगरात नांदायला आली तेव्हा तिला आळंबी म्हणजे दुकानात मिळते तेवढीच ठाऊक होती. नवऱ्यानं, एइकिचीनं, तिला देठ फोडायला शिकवलं, तेव्हापासून ती भाकरीचा सुद्धा देठ शोधते, असं तो चारचौघांत सांगायचा. तिला काही विचारलं की ती हो म्हणत नसे आणि नाही म्हणत नसे, "बघू" म्हणे. लग्नाचं विचारलं तेव्हाही "बघू" म्हणाली होती. तिच्या बापानं त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि ती चाळीसवर वर्षं नांदली.

आता एइकिची नव्हता, आणि करंडी होती त्याच्या थोरल्या भावाची. मूठ निळ्या तारेनं गुंडाळलेली ती करंडी सासऱ्यानं विणलेली, ती कोण ओळखणार नाही. तोकुजी, तिचा थोरला दीर, ओढ्यापलीकडं एकटा राहायचा. दोघांच्या जमिनींच्या सीमेवरचं जुनं अक्रोडाचं झाड रस्त्याच्या कामाला आडवं येत होतं, ते हात्सुएनं तोडू दिलं. त्या झाडावर दोघे भाऊ लहानपणी चढलेले. त्या दिवसापासून तोकुजी तिच्याशी बोलला नव्हता. एइकिचीच्या वर्षश्राद्धाला आला, जेवला, वाडगं पालथं घालून उठून गेला. झाड पडल्याला तीन पानगळी झाल्या. आणि आज सकाळी, हाक नाही, बोल नाही, करंडी दाराच्या खिळ्याला लटकलेली.

मिनेकोनं सुतळीचं नावच सोडून दिलं आणि अंदाज बांधायला बसली. म्हातारा नमला असंल, तिनं सांगितलं. मग डागाकडं बघून म्हणाली, का डूख धरून मुद्दाम टाकली असंल? आणि मग तिसरंच निघालं. त्याचे डोळे गेलेत म्हणतात, परवा दुकानात त्यानं मिठाच्या जागी साखर उचलली. वांग्याबरोबर शिजवली तर विष उतरतं, असंही तिनं जाता जाता सुचवलं. हात्सुएनं त्यावर तिला, तूच आधी खा मग, असं सांगितलं.

हात्सुएच्या डोक्यात नुसता काला झाला. एक डागाळलेली निघाली म्हणजे सगळी फेकायची, ह्यात बघू नव्हतं. ती तिनं बाजूला सारलीच. पण करंडीचं काय? आलेलं भांडं रिकामं परत जात नाही, ही तिथली रीत. काही न देता करंडी पाठवली तर तीन वर्षांनी पुढं आलेला हात झटकल्यासारखं होणार. आणि खरं सांगावं तर ते कुणाला? सगळं खोरं ज्याच्या हातची आळंबी डोळे झाकून खातं, त्याला. भावजी, तुम्ही विष तोडलंत, हे तोंडातून काढायचं कसं? बरं, न सांगावं तर त्याच खोडाची निम्मी आळंबी त्याच्या घरात असणार. एकटा माणूस, संध्याकाळी सूप करून पिणार, आणि रात्रीत पाणी द्यायलाही कोणी नाही. इकडं आड आणि तिकडं विहीर, आणि मधे ही निळ्या तारेची करंडी.

शेवटी तिनं एक करायचं ठरवलं. ते शहाणपणाचं होतं का येडेपणाचं, ते तिलाही कळत नव्हतं. खालच्या दुकानातून लागवडीची आळंबी आणायची, त्याचं काहीतरी करून करंडीबरोबर न्यायचं, आणि म्हणायचं की हे तुमच्याच आळंबीचं. तिथं गेल्यावर त्याची उरलेली कशी बाहेर काढायची ते तिथं बघू. पण सूप केलं तर म्हातारा पहिल्या घोटाला ओळखणार. म्हणून ज्याची चव त्याला ठाऊकच नाही असलं काहीतरी हवं होतं. तेव्हा तिला लेकीची गरम कोशिंबीर आठवली.

लेक चिहारु शहरात राहायची. उन्हाळ्यात आली तेव्हा तिनं ती केली होती, आणि कोशिंबीर गरम कशी असंल, हे कोडं हात्सुएला तेव्हाही सुटलं नव्हतं. तरी हात आठवणीनं चालले. थंडीसाठी मुळे खोपीत धुरावर वाळत टांगलेले होते, त्या धुरीपाशी मिनेकोला बसवून, जाळ विझू देऊ नको, नुसता धूर राहू दे असं दोनदा बजावून, तिनं दुकानातून आणलेली आळंबी हातानं फाडली. शिताके, धिंगरी आणि गुच्छातली बारकी. धुतली नाही, फडक्यानं पुसली. कोरड्या तव्यावर टाकली आणि ढवळली नाही. ढवळायचा मोह होतो, पण ढवळलं की पाणी सुटतं आणि आळंबी भाजायच्या जागी रडायला लागते. कडा तांबूस झाल्या तेव्हा तेल, मीठ, आणि मग तव्याच्या कडेनं सोया सॉसची धार. ती चर्र झाली, करपल्यासारखा गोड वास घरभर सुटला. वरून तांदळाचा शिरका. हे सगळं तसंच कढत, मोहरीच्या जातीच्या कोवळ्या दातेरी पानांवर ओतलं, वर किसलेला मुळा पिळून ठेवला, तीळ चुरडून टाकले. पानं बघता बघता लवली. चाखून बघितलं. वाईट नव्हतं. पण हे रानातल्या आळंबीसारखं लागतंय का, हे तिला काही केल्या ठरवता येईना, कारण आता रानातली कशी लागते तेच आठवेना.

वाडगं करंडीत ठेवून, वर फडकं टाकून ती ओढा ओलांडून गेली.

तोकुजीनं दार उघडलं. तिच्या अंगाला धुराचा वास होता, तो त्यानं हुंगला.

"धूर कोन बघतंय?" तीन वर्षांतलं हे त्याचं पहिलं वाक्य.

"मिने."

"म्हंजे इझनार."

झालं, बोलणं सुरू झालं. ह्याला सुरू झालं म्हणायचं का, हे हात्सुएला कळेना. ती आत गेली. मोरीपाशी पितळी परातीत मिठाच्या पाण्यात आळंबी भिजत पडली होती, किडे निघावेत म्हणून. तिनं वाडगं पुढं ठेवलं आणि घोकून आणलेलं बोलली, तुमच्याच आळंबीचं केलंय, पोरीची रीत हाय.

तोकुजी चुलीपाशी बसला. पानं जेवायच्या काड्यांनी उचलून त्यानं डोळ्यांजवळ नेली, सशाचा चारा आणलास काय, असं पुटपुटला आणि खायला लागला. सावकाश खाल्लं त्यानं. एकेक तुकडा जिभेवर फिरवून, टाळूला दाबून. हात्सुए परातीकडं बघत होती. मग त्यानं काड्या खाली ठेवल्या.

"ही माझी न्हवंत. ह्यांना साल न्हाई."

हात्सुएच्या तोंडात आधी "बघू" आलं, पण बघण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

"न्हवंत," ती म्हणाली. "तुमच्यात एक चांदणी हुती, भावजी."

चुलीतलं लाकूड फुटलं. म्हातारा चिडला नाही, हलला नाही. वाडग्यातल्या पानांकडं बघत राहिला.

"एकच?"

आता ह्याचा अर्थ काय लावायचा? एकच कशी निघेल, असं विचारत होता? का आणखी निघायला हव्या होत्या, असं? हात्सुए त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, पण तिथं काही लिहिलेलं नव्हतं. तो उठला, परात उचलून दाराच्या उजेडात आणून ठेवली आणि विळी तिच्यापुढं सारली.

ती फोडत गेली. तो शेजारी उकिडवा बसून, ती फोडेल तो देठ अंगठ्यानं चाचपून बघायचा. पांढरे निघाले, पांढरे निघाले, आणि मग एक काळा. तिनं तो त्याच्या हातात दिला. त्यानं देठावर बोट ठेवलं.

"हितं?"

बोट कोऱ्या जागी होतं.

"जरा खाली," ती म्हणाली.

त्यानं बोट खाली नेलं आणि बराच वेळ तिथंच ठेवलं, जणू बोटाला तरी काही दिसेल. मग आणखी एक काळा निघाला. पांढऱ्या देठाची तेवढी ठेवू, असं तो म्हणाला. एवढी चढण चढून आणलीय, असंही म्हणाला. हात्सुएनं ऐकलं नाही. परसात खड्डा करून तिनं परात उपडी केली, वर माती लोटली आणि पायानं दाबली. तो दारात उभा राहून, जिथून मातीचा आवाज येत होता तिकडं बघत होता.

"करंडी मिनेच्या दारात लावली असती," तो म्हणाला, "तर आत्तापातूर गावभर झालं असतं."

हात्सुए थांबली. म्हणजे ह्याला शंका होती. शंका होती म्हणून करंडी तिच्या दारात लटकवली. मग ही करंडी समेट करायला आली होती, का देठ फोडून घ्यायला? आणि तिनं फोडले नसते तर? आता रागवायचं का हसायचं, ते तिला कळेना.

"आन मी तशीच शिजवून खाल्ली असती म्हंजे?"

"तू?" म्हातारा म्हणाला. "तू उकडलेला बटाटासुदिक देठ फोडल्याबिगर खात न्हाईस."

अक्रोडाचं बोलावं का, असं तिच्या मनात आलं. तो बोलेल म्हणून ती जरा रेंगाळली, तोही दारात रेंगाळला, आणि अक्रोडाचं राहूनच गेलं. तेवढ्यात तो आत गेला. फडताळं उघडल्याचे, डबे हलवल्याचे आवाज आले. बाहेर आला तो तिचं वाडगं घेऊन. वाडगं विसळलेलं होतं, आणि रिकामं द्यायचं नाही म्हणून त्यात खोकल्याच्या गोळ्यांची निम्मी पुडी टाकलेली. घरात दुसरं काही नव्हतं का हा टोमणा होता, देव जाणे.

"फुडच्या येळंला पानं निराळी आन," तो म्हणाला. "एकत्र मरत्यात."

करंडी त्यानं आपल्याकडं ठेवून घेतली. ओढ्यावर येईपर्यंत हात्सुए एकाच गोष्टीचा विचार करत होती. पुढच्या वेळी म्हणाला, ते खाण्याबद्दल म्हणाला का फोडण्याबद्दल?

धुरीच्या खोपीपाशी आली तर मिनेको मोठ्या तत्परतेनं फुंकर घालत होती, आणि खोपीत धुराचा पत्ता नव्हता. छताला टांगलेले मुळे आपले गोरेच्या गोरे लोंबत होते. काय झालं, बोलला का, वांग्याबरोबर शिजवायला सांगितलंस का, असं मिनेकोनं एका दमात विचारलं. हात्सुएनं तिला खोकल्याची एक गोळी दिली आणि एक आपल्या तोंडात टाकली. गोळी जुनी होती, कागदासकट चिकटलेली.

"बोलला," ती म्हणाली. "इझनार म्हनला."

मग तिनं चेरीचं ओलं लाकूड आणि वर ओकचं कोरडं असं रचलं, निखारा सारला, धूर धरेपर्यंत वाकून बघितलं. डोळ्यांत पाणी आलं ते पुसलं. आणि सुतळीचं भेंडोळं पायात धरून उरलेले मुळे बांधायला बसली.