लॉर्नाची बेचाळीस काडतुसं

ओरेगनमधल्या त्या गावात शनिवारी नेमबाजी संपली की सगळे मैदानात वाकून झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या वेचतात आणि घरी नेऊन दारू-गोळी घालून पुन्हा भरतात. ॲल्युमिनियमच्या पुंगळ्यांना कुणी हात लावत नाही, कारण पुन्हा भरलेली ॲल्युमिनियमची पुंगळी पिस्तुलातच फाटू शकते. पण लॉर्नाचा दीर वर्लिन पक्का चिक्कू. त्याने त्याही भरल्या, आणि पन्नासांचा डबा वहिनीला वाढदिवसाची भेट म्हणून दिला.

आठव्या गोळीला पुंगळी फाटली. चष्मा फोडून तुकडा लॉर्नाच्या डाव्या डोळ्यात घुसला. डोळा गेला, शाळेची बस चालवायची नोकरीही गेली. वर्लिन मात्र गावभर सांगत सुटला, "माल चोख होता. वहिनीची पकडच चुकीची!"

लॉर्ना भांडली नाही. उरलेली काडतुसं तिने कपाटात जपून ठेवली.

चार वर्षांनी वर्लिन गावच्या नेमबाजी क्लबचा अध्यक्ष झाला. मैदानावर सत्कार चालू असताना तिने तो डबा त्याच्यापुढे आपटला.

"भावजी, तुमचाच चोख माल. झाडा एक."

"वहिनी, आज कशाला जुनं उकरून काढताय?"

"का? तुमची पकड तर चांगली आहे ना?"

सगळे बघत होते. वर्लिनने पिस्तुलात गोळी भरली, हात लांब केला आणि तोंड फिरवलं. चापावरचं बोट काही आत वळेना. शेवटी त्याने गोळी काढून टेबलावर ठेवली.

लॉर्नाने ती उचलून डब्यात टाकली.

"बेचाळीसच्या बेचाळीस आहेत," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी पुन्हा आणते, भावजी."