शेंडीपुरती जागा

नगरजवळच्या फायरिंग रेंजवर माझी पोस्टिंग आली तेव्हा मी इंजिनिअर्समध्ये हवालदार होतो. माझं गाव देवळाली प्रवरा. नोकरीभर देशाच्या कडेकडेनं फिरलो, घराच्या इतक्या जवळ फौजेनं तेवढं एकदाच आणलं. पाहुणे म्हणाले, नशीब काढलंस. नशिबाचा विषय निघाला की मी तेव्हापासून उठून जातो.

काम साधं होतं. रेंजवर तोफा चालतात. काही गोळे पडतात, पण फुटत नाहीत. त्यांना आम्ही ब्लाइंड म्हणतो. ते शोधायचे, बाजूला झेंडी रोवायची, दुसऱ्या दिवशी शेजारी स्फोटकाचा चार्ज लावून लांबून उडवायचे. फायरिंग संपलं की आसपासच्या वाड्यांवरची माणसं शेळ्या घेऊन आत येतात. राहिलेला ब्लाइंड त्यांच्या पायाखाली यायचा, म्हणून घाई असायची.

दिवस कडक उन्हाळ्याचे. हेल्मेटखाली डोकं शिजून निघायचं. टीममधल्या निम्म्या जवानांनी चमनगोटा केला होता, आणि तो करणारा एकच, नायक रावसाहेब. जामखेडकडचा गडी. त्यांच्या गावात नाभिकांचं घर एकच, ते ह्याचं. बापाचा जुना वस्तरा तो ट्रंकेत बाळगायचा.

दुसऱ्यांची डोकी कुणीही करील. हा स्वतःचं करायचा, तेही आरशाशिवाय. आधी कोमट पाण्यानं केस चांगले मुरवायचे. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर ओढायचा. मग डाव्या हाताची बोटं पुढं आणि पातं मागं. बोट कातडी ताणायचं, उंचसखल सांगायचं, आणि पातं त्याच्यामागून सरकायचं. मला बघवायचं नाही, अंगावर काटा यायचा. पण दर वेळी तो मागच्या बाजूला शेंडीपुरते केस तसेच ठेवायचा.

एकदा विचारलं, "पंडित व्हायचंय का रे?"

"उस्ताद, आमच्या गावात कुणी गेलं की दहाव्याला तात्या समद्यांची डोकी करत्यात. उद्या तात्याच गेले तर माझं कोण करंल? म्हनून त्यांनीच शिकवलं. लहानपनापासनं हात बसवून घेतलाय."

"आणि ही शेंडी?"

"ही तात्यांसाठी राखून ठिवायची. बाप हाय तवर हितं वस्तरा लावायचा न्हाई. तेवढी जागा एकदाच काढायची."

बापानं स्वतःच्या दहाव्याची तालीम पोराकडून करून घ्यावी, हे काही मला पटलं नाही. तसं बोलूनही दाखवलं. तो हसला आणि वस्तरा पुसून ठेवला.

पुढच्याच आठवड्यात तात्यांना नगरच्या दवाखान्यात हलवलं. छाती भरली होती. रावसाहेबाची रजा मंजूर झाली. सकाळी अकराला गाडी निघणार, तासाभरात तो बापाजवळ. त्याला दुसरं काही नको होतं, तात्या शुद्धीवर असताना एकदा समोर उभं राहायचं होतं.

त्या सकाळी तो बरॅकीच्या पायरीवर डोकं करत बसला होता. निम्मं झालं आणि मोबाईल वाजला. बहीण होती. फोन स्पीकरवर होता, मीही ऐकलं.

"दादा, तात्या बोलत न्हाईत. डोळं बी उघडत न्हाईत. लवकर ये."

त्यानं फोन ठेवला आणि पुन्हा वस्तरा उचलला. कानामागं कापलं. इतक्या दिवसांत त्याच्या हातून कुणाला साधा ओरखडा उठलेला मी पाहिला नव्हता. रक्ताची धार मानेवरून बनियनमध्ये उतरली, त्यानं पुसलीसुद्धा नाही. डोकं पुरं केलं आणि शेंडीच्या कडेला येऊन थांबला. पंधरा दिवसांच्या आत हे केसही काढावे लागणार, असं माझ्या मनात आलं, आणि मला स्वतःचाच राग आला.

उठताना त्यानं वस्तरा माझ्या हातात दिला.

"हा तुमच्याकडं ठिवा, उस्ताद. दवाखान्यात न्यायला नको. तात्यांना दिसला तर म्हनतील, पोरगं तयारीनंच आलंय."

मी तो खिशात ठेवला. दिवसभर मांडीला लागत होता.

आदल्या दिवशी झेंडी लावलेला एक ब्लाइंड बाकी होता. रावसाहेबानंच शोधला होता. सुभेदारसाहेब म्हणाले, "तू रजेवर आहेस. दुसरा जाईल." त्यानं ऐकलं नाही. वाऱ्यानं झेंडी पडली होती, जागा त्यालाच ठाऊक होती, आणि ओढ्यापलीकडं शेळ्या दिसायला लागल्या होत्या.

"साहेब, गाडी यायच्या आत येतो."

दहा वाजून गेले होते. मी कंट्रोलवर वायरलेस सेट घेऊन बसलो.

"कंट्रोल, ब्लाइंड मिल गया. ओव्हर."

"चार्ज लगाओ, वापस आओ. ओव्हर."

"लगा रहा हूँ. गाडी रोकके रखना. ओव्हर."

"थांबवतो रे," मी मराठीतच बोलून गेलो.

त्यानंतर आवाज झाला. अजून आवाज व्हायची वेळच नव्हती. टेकाडामागून धूळ वर आली आणि शेळ्या ओरडायला लागल्या. मी सेटवर प्रोसीजरप्रमाणे हाका मारल्या. मग प्रोसीजर सोडून मारल्या. अकराला गाडी आली आणि ड्रायव्हरनं नेहमीसारखा हॉर्न दिला.

इन्क्वायरी झाली. कुणाची चूक निघाली नाही. जुना गोळा, तापलेली जमीन, एवढंच लिहिलं गेलं.

आणि तात्या वाचले. मुलाला अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले आणि रावसाहेबाला विचारलं. सुभेदारसाहेब आणि मी दवाखान्यात गेलो. साहेबांनी सांगितलं. म्हातारा रडला नाही. त्यानं माझ्याकडं मान वळवली.

"शेंडी हुती का त्याच्या डोक्यावर?"

"होती, तात्या. त्या सकाळीच बघितली होती मी."

"मंजी मी हाय, हे त्याला ठावं हुतं," ते म्हणाले.

रावसाहेबाच्या दहाव्याला डोकी करायला शेजारच्या गावाहून कारागीर बोलावला होता. तात्यांनी त्याला हातानं बाजूला केलं आणि मी परत द्यायला आणलेला वस्तरा मागून घेतला. भावकीतला एक जण म्हणाला, "तात्या, बापानं पोरासाठी डोकं करायची रीत न्हाई."

"माझ्यासाठी म्हनून त्याला शिकवलं हुतं. आता त्याच्यासाठी कुनी करायचं?"

दवाखान्यातून कालच सुटलेला माणूस स्वतःचं डोकं स्वतः करायला बसला. पण बोटं पुढं आणि पातं मागं, सगळं तसंच. मी पाण्याचा तांब्या धरून होतो. शेवटी ते शेंडीच्या जागेवर आले, थोडं थांबले आणि तीही काढली.

वस्तरा धुवून त्यांनी माझ्या हातात दिला. म्हणाले, "शिकून ठिव."

शिकलो. सुरुवातीला डोक्यावर इतक्या जखमा झाल्या की बायकोनं वस्तरा लपवून ठेवला होता. आता हात बसलाय. रिटायर होऊन देवळालीत असतो, रविवारी ओट्यावर बसून स्वतःचं डोकं स्वतः करतो, आणि मागं शेंडीपुरते केस ठेवतो. माझे वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली, हे गावाला माहीत आहे. त्यामुळं लोक विचारतात, बाप नाही तर ही राखलीस कुणासाठी?

मी सांगतो, जामखेडकडं रावसाहेबाचे तात्या अजून आहेत.