जाळ्याचं शिसं

कापलेला पाइप परत लांब होत नाही. वागळे इस्टेटला आख्खा जन्म लेथवर काढलाय, हे मला कोणी सांगायला नको. तरी त्या दिवशी बाळकुमहून बसने वागळेला जाताना मी खिडकीबाहेरसुद्धा बघत नव्हतो. दोन गुडघ्यांच्या मध्ये गोल्फची काठी, काठीवर बायकोची लाल टिकली, आणि टिकली पडू नये म्हणून तिच्यावर माझा अंगठा. कंडक्टरकडून तिकीट घेतलं तेही डाव्या हाताने.

टिकली तिनेच लावलेली. ते आधी सांगतो.

आमचं गावातलं घर गेलं, तिथे टॉवर उभा राहिला आणि त्यातच आम्हाला चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. माझी बायको जन्मभर डोक्यावर मासळीची पाटी घेऊन हिंडलेली. फ्लॅटमध्ये आल्यावर तिने खिडकीपाशी खुर्ची ओढली आणि बसली ती बसलीच. समोरच्या दोन बिल्डिंगांच्या फटीतून खाडी दिसते, बोटभर. तेवढी बोटभर खाडी बघत राहायची. काय झालं विचारलं तर म्हणायची, "काय नाय." मी मुद्दाम मीठ कमी आहे म्हणायचो, तरी भांडायची नाही. मीठ आणून ठेवायची. मग मी घरभर फेऱ्या मारायचो. नळ घट्ट कर, दाराचे स्क्रू पिळ, जे ढिलं नाही तेही पिळ.

आमच्याकडे गाड्या ठेवायच्या जागेच्या डोक्यावर बाग केलीय, तिला पोडियम म्हणतात. तिथे हिरव्या प्लास्टिकच्या गवताची एक पट्टी आणि तीत भोकं. गोल्फ म्हणे. सकाळी बिल्डिंगमधल्या बायका तिथे चेंडू ढकलत असतात. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई मुलाकडे परदेशी गेल्या, जाताना वारलेल्या नवऱ्याची काठी हिला देऊन गेल्या. ही एक दिवस पदर खोचून खाली गेली आणि परत आली ती बोलत बोलतच आली.

"मारायचा नाय तो चेंडू. ढकलायचा. होडी धक्क्याला लावतात तसा."

किती दिवसांनी एवढी वाक्यं एकदम ऐकली!

पण काठी उंच माणसाची. ही माझ्या खांद्याला लागते. काठीचं वरचं टोक तिच्या पोटात रुतायचं. खाली धरली तर बरगडीला. एक ट्रॅकपँटवाली म्हणाली, "मावशी, तुम्ही काठीला खेळवताय की काठी तुम्हाला?" सगळ्या हसल्या, हीपण हसली. दुसऱ्या दिवशी मात्र उशिरा गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी खुर्चीत.

मी म्हटलं, "आण इकडे ती काठी. कापून देतो."

"मोडाल."

"जन्मभर काय केलं मी?"

"लोखंड कापलंत. ही बाईंची आठवन हाय. दुसरी नाय भेटनार."

"दुसरी लागणारच नाही."

ती स्वयंपाकघरात अनवाणी उभी राहिली, जरा वाकली, हात मोकळे सोडले. मी काठी पुढे धरली. जिथे तिची मूठ आली त्याच्या किंचित वर तिने कपाळावरची टिकली काढून चिकटवली. "हितं. एक सूत इकडं तिकडं नाय." सूत हा माझा लेथवरचा शब्द. तो ऐकवून मलाच दम देत होती.

वागळेला आता काचेची ऑफिसं झालीत, पण आमच्या कंपनीच्या मागच्या गल्लीतलं एक वर्कशॉप अजून चालू आहे. मालकाचा मुलगा म्हणाला, "काका, ठेवून जा. पोरं करतील."

"पोरं करतील तर मी कशाला आलेलो?"

मुठीचं रबर मी घरीच काढलेलं, सुईने आत थिनर सोडून, न फाडता. काठीचा पाइप पातळ, वाइसच्या जबड्यात चेपला असता म्हणून त्याला कापड गुंडाळलं. कापायचं ते मुठीकडून. डोक्याकडे, म्हणजे चेंडूला लागतं त्या टोकाकडे, पाइप निमुळता असतो, तिथे कापलं तर डोकं परत बसत नाही. हॅक्सॉ लावला आणि परत उचलला. म्हातारपणाने नाही. मला ती खुर्ची दिसत होती. मग दात दाबून एकदाचं कापलं. कानस मारली, कड बोटाने पाहिली, काचेसारखी. टेप गुंडाळून, थिनर लावून रबर चढवलं. साबणाच्या हातावरून बांगडी सरकते तसं बसलं.

घरी आलो. तिने काठी हातात घेतली, हलवली, परत हलवली.

"लांबी बरोबर हाय. पन हलकी झाली. खाली डोकं हाय की नाय तेच कलत नाय."

"सवय होईल."

सवय झाली नाही. चेंडू भलतीकडे जायला लागला. तिने काठी दारामागे उभी केली आणि खुर्चीत जाऊन बसली.

मी माळ्यावर चढलो. तिथे पोत्यात माझ्या बापाची पाग आहे, म्हणजे हाताने भिरकावायचं गोल जाळं. त्याच्या घेराला शिशाचे मणी असतात, त्यांच्या वजनाने ते बुडतं. मी एका बाजूचे मणी काढले आणि हातोडीने ठोकून त्यांची पट्टी केली. खालच्या मजल्यावरून इंटरकॉम वाजला.

"काका, ड्रिल चालू आहे का?"

"ड्रिल नाही, जाळं," म्हटलं आणि ठेवून दिला.

पट्टी काठीच्या डोक्याला चिकटवली, अगदी बाहेरच्या टोकाला. आता वजन आलं. सकाळी हिला जवळजवळ ढकलतच खाली नेली. मी कुंडीपाशी उभा. पहिला चेंडू उजवीकडे. दुसरा उजवीकडे. ट्रॅकपँटवाली म्हणाली, "मावशी, भोक तिकडे आहे." ही काठी घेऊन सरळ माझ्याकडे आली.

"शिसं कुठं लावलंत?"

"टोकाला. जाळं फेकताना वजन कडेला असतं म्हणूनच ते लांब जातं."

"कडेला म्हंजे सगल्या कडेला! एकाच अंगाला शिसं असलं तर जाळं कसं पडतं?"

कसं पडतं ते मला माहीत होतं. गुंडाळून, ओल्या फडक्यासारखं.

"ते जाळं. ही काठी."

"मग जाल्याचं शिसं काठीला कशाला लावलंत?"

मी म्हटलं, चहा गार होत असेल. पण गेलो नाही.

ती तिथेच कठड्यावर बसली. नखाने पट्टी सोलली, मागेपुढे वाकवून तिचे दोन तुकडे केले. काठीच्या डोक्याच्या मागच्या बाजूला एक तुकडा या टोकाला, एक त्या टोकाला. काठी हलवायची, एक तुकडा जरा आत सरकवायची, परत हलवायची. माझे हात नुसते शिवशिवत होते. हिसकावून घ्यावी आणि करून द्यावी. खिशात घातले हात, बाहेर काढले, परत घातले. जाळी विणताना असंच बघायची ती, ओठ दुमडून.

मग उठली. चेंडू सरळ गेला, भोकावरून पलीकडे. पुढचा अलीकडे थांबला. त्याच्या पुढचा भोकात पडला. ती हसली नाही. काठीकडे बघून मान हलवली. तेवढ्यात ट्रॅकपँटवाली आपला चेंडू ठेवायला पुढे झाली.

"ए बाय, सरक! नंबर कोनाचा हाय? मी काय हितं झाडू मारायला उभी हाय?"

"मावशी, तुमचे तीन झाले की!"

"ते तीन काठीचे! आता माजे!"

भांडत होती. कंबरेवर हात ठेवून, आख्ख्या पोडियमला ऐकू जाईल अशी. मी कुंडीतल्या झाडाचं एक पिकलेलं पान तोडलं, मग दुसरं. वॉचमन ओरडला तेव्हा थांबलो.

संध्याकाळी म्हणाली, "जाल्याच्या दुसऱ्या अंगाचं पन शिसं काढा. नायतर वाकडं पडल."

"टाकतंय कोण आता?"

"टाका नायतर नका टाकू. वाकडं ठेवायचं नाय घरात."

आता सकाळी खिडकीपाशी मी बसतो, मांडीवर जाळं. मणी मोजूनमापून सारखे करतो, तरी मनासारखे होत नाहीत. खालून टक् आवाज येतो, मग गलका, मग परत टक्. बराच वेळ आवाज आला नाही की मी जाळं बाजूला टाकून उठतो आणि वाकून बघतो. कापलं मी होतं. बरोबर कापलं होतं. शिशाचं तेवढं तिचं.