जमिनीखालचा बाँब

आमच्या गावाखाली जमीन गुरगुरते. ही थाप नाही. वसमतपासून कळमनुरीपर्यंत कुणालाही विचारा. आवाज आला की पत्रे वाजतात, म्हशी दावं तोडतात, आणि माझ्या घराची भिंत तर एकदा वीतभर सरकून परत जागेवर आली. बरं, भिंतीचं सोडा. अधिकाऱ्यांनी शाळेच्या एका खोलीत भूकंप मोजायचं यंत्र बसवलं, कुलूप ठोकलं आणि गेले.

कुलूपबंद खोली दिसली की माझी जीभ सुटते. वारंगा फाट्यावर चहा पिताना मी चार अनोळखी माणसांना सांगितलं, "भूकंप कुठला? सरकार खाली अणुबाँब फोडून पाहून राहिलं. वाळवंटातली चाचणी साऱ्या जगाच्या यंत्रांनी बराबर टिपली. म्हणून आता आमच्या गावाखाली, भूकंपाच्या आडोशानं."

यातलं अर्धं खरं. एकमेकांचे चोरून फोडलेले बाँब पकडायला देशोदेशीच्या सरकारांनी जमिनीला कान लावून ठेवलेत, हे मी वाचलं होतं. उरलेलं चहाबरोबर सुचलं.

महिन्याभरात गोरेगावचे पाहुणे माझ्या चुलतभावाचं घर पाहायला आले. भाऊ मेंढरंवाला. "पोरगं मेंढरामागं हिंडतं" म्हणून त्याच्या पोराच्या दोन सोयरिकी आधीच मोडलेल्या. पोहे खाऊन झाले तसा मुलीचा बाप म्हणाला, "तुमच्या गावाखाली बाँब फोडतेत म्हणं. फाट्यावर एक शिकलेला माणूस सांगत होता."

भावानं माझ्याकडं पाहिलं.

"थाप हाय ती, पाहुणे," मी म्हणालो. "मीच मारली."

"काहून?"

"सवय हाय."

"मग आता खरं बोलून राहिले का हीबी सवयच?"

"खरं."

"घ्या लेकराची आण. खाली बाँब न्हाई म्हणा."

मी हात वर केला आणि खालून आवाज आला. लांबून निघालेला, बैठकीखालून गेलेला. ताटल्या थरथरल्या. कुंपणातली मेंढरं एकदम गप्प झाली. माझा हात तसाच वर. शाळेतल्या त्या यंत्रानं काय टिपलं, ते आम्हाला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

"म्हणा ना!"

"ठाऊक न्हाई," मी म्हणालो.

पाहुणे जीपकडं चालू लागले. भाऊ त्यांच्यामागं दारापर्यंत गेला, परत आला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला,

"जन्मभर थापा मारल्या लेका. आजच कशी जीभ अडली?"