पिवळ्या चादरी आणि शर्यतीचे मालक

माझ्या मावशीला भांडण आवडत नाही, असं ती स्वतः सांगते. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे लोक कधी ना कधी तिच्याशी भांडून हरलेले असतात, त्यामुळे ते मुकाट मान डोलावतात.

तिची लॉन्ड्री आहे. पुढे दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या, वर गच्ची. दुकानात दोन मोठी मशिनं, इस्त्रीचं टेबल आणि भिंतीवर पाटी: ‘कपडा खराब झाला तर चूक आमची.’ बाकी सगळ्या लॉन्ड्र्यांत याच्या बरोबर उलटी पाटी असते. एकदा एका वकिलाच्या पांढऱ्या शर्टावर शाई पसरली. मावशीनं त्याला नवा शर्ट आणून दिला, आणि खिशात गळकं पेन ठेवल्याबद्दल तो पुढे जेव्हा जेव्हा दुकानात आला तेव्हा त्याची हजेरी घेतली. वकील अजून कपडे तिच्याकडेच टाकतो. ‘ते माझ्या हातात नाही’ म्हणणाऱ्याचा मावशीला जेवढा तिटकारा आहे, तेवढा चोराचाही नाही.

काका, म्हणजे तिचे यजमान, बस डेपोत मेकॅनिक होते. आधी साखर वाढली, मग एक पाय गेला, मग किडन्यांनी राजीनामा दिला. राहिली ती चाकांची खुर्ची आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस. डोकं मात्र इंजिनातच अडकलेलं. मोटारशर्यतींची ती मोठी मालिका टीव्हीवर लागली की घरात दुसरा विषय नसे. मावशी इस्त्री करायची आणि काका शिकवणी घ्यायचे.

“हे बघ, नियम करणारी संघटना वेगळी. खेळ विकणारी कंपनी वेगळी. गाड्या आणणाऱ्या टीम त्याहून वेगळ्या. संघटना म्हणते खेळ आमचा. कंपनी म्हणते, असेल, पण आम्ही तो कित्येक वर्षांच्या करारानं घेतलाय. टीम म्हणतात, आम्ही रुसलो तर रिकाम्या रस्त्यावर काय दाखवाल?”

“मग मालक कोण?”

“तेच तर कुणाला कळत नाही!” काका असे खूश होऊन सांगायचे, जणू ही सोय त्यांनीच करून ठेवली होती.

एका वर्षी ही मालिका आमच्या शहरात आली, आणि आली ती थेट मावशीच्या गल्लीच्या तोंडाशी. गल्ली मागून बंद. तिचं एकुलतं एक तोंड उघडतं मोठ्या रस्त्यावर, आणि शर्यतीचा ट्रॅक म्हणजे तोच रस्ता. पलीकडे समोरच रुग्णालय. काकांचं डायलिसिस शुक्रवारी दुपारी, आणि शुक्रवारी दुपारीच गाड्यांचा सराव. आयोजकांनी रस्त्यावरून लोखंडी पूल टाकला होता, पण त्याला पायऱ्या होत्या. चाकांची खुर्ची पायऱ्या चढत नाही.

मावशीनं गल्लीच्या बैठकीतच हा विषय काढला होता. आयोजकांचा माणूस, कमरेला वॉकीटॉकी, तोंडात साखर, सर्वांसमोर म्हणाला, “मावशी, जाळीत दार ठेवतो. सराव थोडा थांबवून काकांना पलीकडे नेऊ. माझा शब्द.”

मी रस्त्यापलीकडे राहते. तरी मी म्हटलं, “तीन दिवस माझ्याकडे या दोघंही.”

“तुझी लिफ्ट बंद असते,” मावशी म्हणाली. “आणि चालू असली तरी मी का निघू? पाहुणी शर्यत आहे, मी नाही.”

जाळी लागली. दारही लागलं, शब्दाप्रमाणे. गुरुवारी चार माणसं आली आणि त्या दारावर भलीमोठी जाहिरातीची फळी ठोकून गेली. फळीवर बसएवढं मनगट आणि मनगटावर घड्याळ. दार त्याच्यामागे गडप.

मावशी मला घेऊन आयोजकांच्या तंबूत गेली. वॉकीटॉकीवाला फार हळहळला. दार त्याचंच होतं म्हणे, पण फळी कंपनीची. कंपनीच्या बाई थंडगार खोलीत बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, काकांची तब्येत विचारली आणि म्हणाल्या, “फळी मी आत्ता काढते. पण सराव थांबवल्याशिवाय दार उघडून उपयोग काय? ती वेळ संघटनेच्या हातात असते.” संघटनेचे साहेब दाराशीच भेटले. कोट घातलेले, घाईत. सराव थांबवायचा तर तो अपघात झाला तर किंवा ट्रॅकवर काही आलं तर. बाकी वेळापत्रक टीव्हीशी ठरलेलं, आणि टीव्ही म्हणजे कंपनी. आम्ही परत कंपनीच्या बाईंकडे. त्या आता मीटिंगमध्ये होत्या.

बोलायला सगळे इतके गोड की कुणाच्या अंगावर ओरडायचीही सोय नव्हती. मला मात्र संताप आला होता. अशी टोलवाटोलवी मी सरकारी कचेरीत पाहिली आहे, पण तिथे निदान पंखा तरी खडखडतो, माणसाला कळतं की आपण कुठे आलोय.

घरी आल्यावर काका हसले. “सांगत नव्हतो? शोधून सापडायचा नाही मालक.” हसता हसता त्यांना धाप लागली. मागे एकदा डायलिसिसची एक पाळी चुकली होती तेव्हा त्यांच्या फुप्फुसात पाणी भरलं होतं आणि दोन्ही हातांनी खाटेचा कठडा धरून ते श्वास शोधत होते. ते आम्हा तिघांनाही आठवलं.

“ॲम्ब्युलन्स आहे की,” काका म्हणाले. “माणूस अगदीच टेकीला आला तर ते ट्रॅक थांबवतात.”

“म्हणजे आधी मरायला टेकायचं, मग दार,” मावशी म्हणाली. “वा.”

शुक्रवारी काका जेवून, कपडे करून, मांडीवर पिशवी घेऊन टीव्हीसमोर बसले. बाहेर गाड्या सुरू झाल्या तशा कपाटातल्या काचा थरथरायला लागल्या. मावशीनं मशीन उघडलं. आत लॉजच्या चादरी होत्या. त्या लॉजवाल्याला कुणीतरी सांगितलं होतं की पिवळा रंग श्रीमंत दिसतो, म्हणून त्याच्या सगळ्या चादरी पिवळ्याजर्द. मावशीनं त्या टोपलीत भरल्या.

“आज ड्रायरमध्ये नाही टाकत?” मी विचारलं.

“ऊन चांगलं आहे.”

तिनं काकांकडे पाहिलं. “अहो, पिवळं दिसलं की काय करतात म्हणालात?”

“पिवळा झेंडा? वेग कमी. पुढे धोका आहे. जगज्जेता असला तरी पाय उचलायचा, नाहीतर शिक्षा.” बोलून झाल्यावर काकांची नजर टोपलीकडे गेली. “अगं ए—”

ती जिन्यात पोचली होती. टोपलीचा दुसरा कान माझ्या हातात होता, हे मी अभिमानानं सांगते.

मावशीची गच्ची बरोबर वळणाच्या डोक्यावर आहे. गाड्या सरळ रस्त्यानं येतात आणि त्यांच्या नजरेसमोर पहिली येते ती तिची कपडे वाळत घालायची दोरी. मावशीनं पहिली चादर दोन्ही हातांत धरून झटकली, नीट, जशी रोज झटकते. खालून येणाऱ्या गाडीचा आवाज एकदम बसला. मागच्या गाडीचाही. मावशीनं चिमटे लावले, दुसरी चादर घेतली. वारा तिच्या बाजूनं होता. सगळी दोरी भरेपर्यंत त्या जगातल्या सर्वांत वेगवान गाड्या आमच्या वळणावरून वरातीत निघाल्यासारख्या जात होत्या. टीव्हीवरचा माणूस गोंधळून विचारत होता की धोका नेमका कुठे आहे, आणि खालच्या खोलीतून काका ओरडत होते, “आता लाल दाखवणार! लाल दाखवणार बघ!”

लाल दाखवला. सराव थांबला. एवढी शांतता झाली की मशीनमधलं पाणी वाजलेलं ऐकू आलं.

आणि मग दुकानात तिघंही आले, एकाच वेळी. काल हे तिघं आम्हाला एकत्र सापडायची सोय नव्हती. त्या लोखंडी पुलावरून धावत आल्यामुळे साहेबांचा कोट घामानं भिजला होता. मावशीनं सवयीनं त्याच्या कॉलरकडे पाहिलं.

“त्या चादरी ताबडतोब काढा,” साहेब म्हणाले. “मी हुकूम देतोय. ट्रॅक संघटनेच्या ताब्यात आहे.”

“ट्रॅकभोवती जे जे दिसतं ते कंपनीच्या हक्काचं आहे,” बाई म्हणाल्या.

“हा परिसर या आठवड्यात आमच्याकडे आहे, मावशी,” वॉकीटॉकीवाला म्हणाला.

मावशीनं इस्त्री उभी ठेवली. “काल तुम्हा तिघांच्याही हातात काही नव्हतं. मी स्वतः बघून आले. रात्रीत कुठून आलं?”

साहेबांनी पोलिसांचं नाव काढलं. मावशी म्हणाली, “बोलवा. दोरी माझी, गच्ची माझी, चादरी गिऱ्हाइकाच्या, आणि चूक झाली तर जबाबदारी कुणाची ते भिंतीवर लिहिलंय. तुमची पाटी कुठे आहे?”

बाईंनी पाटी वाचली. खरंच वाचली. मग त्यांनी खुर्चीतल्या काकांकडे पाहिलं. ते पिशवी घेऊन तयार बसले होते आणि त्यांचे पाय, म्हणजे एकच पाय, सुजलेला होता.

“दार उघडलं तर काढाल?” त्यांनी विचारलं.

“हे पलीकडे पोचले की काढीन. यांना परत आणायच्या वेळी पुन्हा ओल्या असतील, तेवढं लक्षात ठेवा.”

फळी काढायला अर्ध्या तासाचं काम सांगितलं होतं, ते चहा गाळेपर्यंत झालं. मनगट रस्त्याच्या कडेला पालथं पडलं. मावशीनं खुर्ची धरली, मी पिशवी घेतली, आणि आम्ही ट्रॅकवर आलो. दोन्हीकडे मोकळा काळा रस्ता, लांब कोपऱ्यावर झेंडेवाले ताटकळत उभे. अगदी मधोमध काका म्हणाले, “थांब जरा.”

“उशीर होतोय.”

“थांब गं. इथे ब्रेक मारतात ते.” ते वाकले आणि रस्त्यावर हात टेकला. “रबर अजून गरम आहे.” मग तिच्याकडे मान वळवून, खरोखर वाईट वाटून म्हणाले, “खेळ थांबवलास तू.”

“थांबला. मेला नाही.”

संध्याकाळी काका त्याच दारानं परत आले, कुणाला काही सांगावं लागलं नाही.

पुढच्या वर्षी मालिका पुन्हा आली. जाळीत दार आधीपासून होतं, त्यावर फळी नव्हती, आणि शुक्रवारच्या सरावात दुपारी मध्येच एक सुट्टी ठेवलेली होती. टीव्हीवाले तिला तांत्रिक विश्रांती म्हणत होते. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं ती कशाची विश्रांती आहे. काका तेवढे नव्हते. ते हिवाळ्यात गेले.

त्यांची खुर्ची रुग्णालयाला द्यायची हे ठरलेलंच होतं. मी मागे लागले होते, गाडी करून टाकून येऊ म्हणून. मावशी दर वेळी म्हणायची, बघू. त्या शुक्रवारी दुपारी तिनं दुकानाचं शटर ओढलं, खुर्ची पुसली आणि बाहेर काढली. तेव्हा मला कळलं ती कशासाठी थांबली होती.

दाराशी नवा पहारेकरी होता. “मावशी, खुर्ची तर रिकामी आहे.”

“दिसतंय मला. दार उघड.”

त्यानं वॉकीटॉकीवर विचारलं. पलीकडून कुणीतरी एकच शब्द बोललं, आणि दार उघडलं. मावशी सावकाश निघाली. मधोमध ती थांबली. गुडघ्यावर हात ठेवून खाली बसली, रस्त्यावर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. गाड्या रांगेत उभ्या होत्या, झेंडेवाले उभे होते, आणि वर, जिथून शर्यत चालवतात त्या काचेच्या खोलीत, शर्यतीचे सगळे मालक ती उठायची वाट बघत होते.