देवाच्या नावानं दोन वाट्या भरीत

सुनेच्या कुत्र्याला मी देवाचं नाव घेऊन दोन वाट्या वांग्याचं भरीत चारलं. कांदा, पात, लसूण, सगळं घातलेलं. कुत्र्याला कांदा बाधतो हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही. सुनेनं बजावून सांगितलं होतं. मी तेव्हा नुसती साठीची पोर होते, आणि त्या पोरीला अक्कल शिकवलेली खपत नसे.

मुलगा फौजेत. सांगलीच्या घरात आम्ही दोघी, आणि मध्ये ते पांढरं, मांजराएवढं कुत्रं. सून कामावरून आली की आधी त्याच्याशी बोलायची, मग माझ्याशी. मी माणदेशातली, मेंढरांमागं वाढलेली. आमची कुत्री लांडग्याच्या अंगावर जायची. हे कुकरच्या शिट्टीला पलंगाखाली शिरायचं. मला त्याचा राग होता, आणि त्याच्यापेक्षा जास्त तिचा.

चंपाषष्ठी आली. चातुर्मासभर कांदा-वांगं सोडलेलं, त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मग आम्ही खाणार. खंडोबाच्या सोबतीचं म्हणून कुत्र्यालाही घास घालायचा. सकाळीच सून म्हणाली, "आई, त्याला नुसता रोडगा द्या. भरीत नको, कांद्यानं त्याचं रक्त बिघडतं."

"पिढ्यान्‌पिढ्या घालतोय आमी. देवाच्या कुत्र्यापरीस तुजं मोठं हाय व्हय?"

गल्लीतल्या बायका तळी उचलायला जमल्या. भंडारा उधळला. सून खोबऱ्याचा प्रसाद वाटायला बाहेर गेली तशी मी वाटी त्याच्यापुढं सरकवली. भरीत चांगलंच झालं होतं, त्यानं वाटी चाटून लख्ख केली. एक बाई म्हणाली, देव पावला बघा. झालं, सासूबाईंना चेव आला आणि दुसरी वाटी भरली. गावाकडं बोटभर घास टाकायचा, कुत्रं वास घेऊन निघून जायचं, हे काही त्या शहाणीला आठवलं नाही.

रात्रभरात काही झालं नाही. मी मनात सुनेला हसून घेतलं. दोन-तीन दिवसांनी ते उठेना. गॅलरीत मुतलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं. सून कामावर होती. मी काय केलं असेल? फडकं घेतलं आणि फरशी पुसून टाकली.

संध्याकाळी तिनं त्याचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या पांढऱ्याफटक. रिक्षात ती त्याला छातीशी धरून बसली, मी शेजारी, देवाला जाताना बसतात तशी. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी म्हणाले, भाकरी. त्यांनी पुन्हा विचारलं, म्हणाले, नक्की कळलं नाही तर भलतेच उपचार होतील, ते दगावेल. सून माझ्याकडं बघत होती. तिच्या हातात ते लोंबत होतं, ओल्या फडक्यासारखं.

मग सांगितलं. भरीत, दोन्ही वाट्या, पुसलेली फरशी, सगळं.

दुसऱ्या एका कुत्र्याचं रक्त त्याला चढवलं. कुत्र्याला कुत्र्याचं रक्त देतात हे मला तिथं कळलं. सून तिथंच थांबली आणि मला एकटीला रिक्षात बसवून दिलं. पत्ताही रिक्षावाल्यालाच सांगितला.

ते वाचलं. हाडकलेलं घरी आलं आणि मी जेवायला बसले तसं थेट माझ्या पावलावर हनुवटी टेकून पडलं. पुढं सरकवलेली वाटी विसरलं नव्हतं बहुतेक. मला लय बरं वाटलं. तेवढ्यावर थांबायचं, तर तोंड उघडलंच.

"बघ, त्याच्या मनात काय न्हाई. तूच धरून बसलीस."

सुनेनं येऊन त्याला उचललं आणि माझं ताट होतं तिथून दूर, दाराशी नेऊन ठेवलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आई, त्याला कळत नाही म्हणून तो येतो तुमच्याजवळ. मला कळतं."