कॉम्प्युटरचा दसरा
तापलेल्या धुळीचा वास आला की मला सुरतेतला तो दसरा आठवतो. डिंडोलीतल्या घरून मी ज्या साड्यांच्या कारखान्यात जायचो, तिथे मागांच्या शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरवर डिझाइनं काढायचं काम माझं होतं. लग्नसराईची सगळी डिझाइनं त्या एकाच डब्यात होती, फ्लॉपीवर उतरवायचा मला कंटाळा. शेठची ताकीद एकच, खोलायचं नाही, झाकून ठेवायचं. म्हणून मी त्याच्यावर मखमली कव्हर घालायचो, चालू असतानासुद्धा. दसऱ्याला माग झाडून, तेलपाणी करून झाले, कॉम्प्युटरलाही झेंडूचा हार चढला आणि नारळ फुटायच्या आत पडदा काळा पडला. जळका वास सुटला. "डिझाइन क्यां गई?" डिझाइनं गेली कुठे, शेठ एवढंच विचारत राहिले. माग दुरुस्त करणारे आमचे धुळ्याकडचे काका पुढे झाले, मागाच्याच स्क्रू ड्रायव्हरनं त्यांनी डबा उघडला. आतला पंखा उडून आलेल्या तंतूंनी गच्च भरला होता. ते चिमटीनं ओढून काढत काका पुटपुटले, "मागाले रोज झाडतस, याले नुसता हार घालतस!" तंतूंबरोबर गेल्या दसऱ्याची झेंडूची सुकी पाकळीही निघाली. डबा गार झाल्यावर त्यांनी बटण दाबलं, आणि पंखा फिरू लागला. डिझाइनं वाचली. आज माझ्या स्वतःच्या ऑफिसात दसऱ्याला कॉम्प्युटरला हार कामावरची मुलंच घालतात. पण त्याआधी डबा मी उघडतो, आणि दरवेळी ती पाकळी शोधतो.